कन्यादानाला कोण बसणार

९ नोव्हेंबर
संध्याकाळी भाऊजी आणि मंदा सांगवीहून जेवायला आले होते. भाऊजी म्हणाले, पल्लवीचं कन्यादान आम्ही दोघं करतो, वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा. हे गेल्यापासून यांच्या धाकट्या भावानं खरंच सगळं निभावलं आहे. मी 'बरं' म्हटलं. मग भांडी घासताना सारखं वाटत राहिलं, की मला कुणी विचारलंच नाही.

वाचनालयातून चीनच्या सम्राज्ञीचं पुस्तक आणलंय. नाव वू. मी तिला वूबाई म्हणते. ज्याच्या जनानखान्यात होती तो राजा मेल्यावर तिचं मुंडण करून मठात धाडली. तिथून परत येऊन नव्या राजाची राणी झाली. कसं जमवलं असेल?

१२ नोव्हेंबर
हा नवा राजा डोंगरावर मोठी पूजा करणार होता. आकाशाची आणि पृथ्वीची. वूबाई म्हणाली, पृथ्वी आई आहे, तिथं दरबारातले पुरुष कशाला? बायकांना घेऊन मी करीन. आणि केली. दोनदा वाचलं.
पण तेव्हा तिचा नवरा जिवंत होता.

१४ नोव्हें.
खालच्या मजल्यावरचे शेजारी आठवले. बायको वारलेली, कमरेला सुपारी खोचून एकट्यानं मुलीचं कन्यादान केलं. काळेवाडीतले सगळे जेवून आलो, कुणी ब्र काढला नाही.
पिंपळे गुरवला गुरुजींकडे गेले. म्हणाले, "पुरुषाला बायकोच्या जागी सुपारी चालते, ताई. तुमच्यासाठी काय ठेवायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही." चेष्टेनं नाही म्हणाले. विचारात पडले होते. शेवटी म्हणाले, नुसतं बसा, मी मंत्र म्हणतो, पण मुलाकडच्यांना विचारून या.

१७ नोव्हें.
मुलाकडच्यांची हरकत नाही. तुमच्या घरात ठरवा म्हणाले. पल्लवी चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून आली, डबा न काढताच माझ्याजवळ बसली. "तूच बस, आई. पण काकांना तू सांग. माझ्याच्यानं होणार नाही."

१९ नोव्हें.
सांगितलं. भाऊजींनी कप खाली ठेवला. चहा तसाच राहिला. मंदाच बोलली, "म्हणजे आमी नुसतं जेवायला यायचं व्हय, ताई?"
मी समजावायला लागले, तर भाऊजी उठले. चपला घालता घालता म्हणाले, "दादाच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलं, वहिनी. तुम्ही तेव्हा शुद्धीवर नव्हता."
खरं आहे.

२० नोव्हें.
स्वयंपाकात लक्ष नाही. आमटीत मीठ दोनदा पडलं, पल्लवीनं मुकाट्यानं खाल्ली.

२२ नोव्हें.
वूबाई आता गादीच्या मागं पडदा लावून कारभार बघते. पुढं मुलगा, मागं ही. नंतर त्यालाही बाजूला करून स्वतःच बसली. विरोधात गेलेल्यांचे हाल केले, घरच्यांनाही सोडलं नाही. तिच्याबद्दल लिहिणारे तिचे वैरी होते, असंही पुस्तकात आहे. कुणाचं खरं धरायचं?
मला गादी नकोय. माझ्या पोरीचा हात मला द्यायचा आहे, एवढंच. पण भाऊजींना ते असं दिसत नसणार.
हे असते तर काय म्हणाले असते, हे आठवून बघते. यांचा आवाज आता नीट आठवत नाही.

२७ नोव्हें.
हळद लागली. आजूबाजूच्या बायका होत्या, हसणंखिदळणं झालं. सांगवीहून कुणी नाही. फोन केला, मंदानं उचलला. ह्यांच्या अंगात कणकण हाय, उद्याचं उद्या बघू, म्हणाली. मागं टीव्ही चालू होता आणि भाऊजी कुणाशी तरी हसत होते.
पल्लवी म्हणाली, काका नाही आले तर मला चैन पडणार नाही. आणि तू नाही बसलीस तरी पडणार नाही.
गुरुजींचा फोन आला. पाट कुणाचा मांडू? मी बसणार, म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, नक्की ना? मी हो म्हटलं.
उद्या सगळे कार्यालयात जातील, मी आधी रिक्षानं सांगवीला जाणार. माघार घ्यायला नाही. भाऊजींना माझ्या शेजारी उभं राहायला सांगायला. दार उघडलं तर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते अजून सापडलेलं नाही.