दारापुढचा ब्रेकर

१ जानेवारी, गुरुवार

आज बी बस दारावरून भर्रकन निघून गेली. मी हात दाखवला, ड्रायव्हरनं मुंडी वळवली नाही. जसं रस्त्याच्या कडेले एरंडाचं झाड हलून राहिलं. स्टॉप आहे गावाच्या पार त्या टोकाले, पुंडलिकरावच्या चहाटपरीपुढं. माझा गुडघा तिथवर पोचते तोवर बस लाखांदूरले पोचते.

हां, राम राम. नवीन साल लागलं. बियाणेवाल्यानं डायरी फुकट दिली, पडून कायले ठेवायची. मी चौथीत गेली होती, लिहिता येते.

दर गुरुवारी मी लाखांदूरले देवकाकडं जाते. माझी लहान बहीण. दिवसभर भांडतो, संध्याकाळच्या बसनं वापस. आता पोरगा भूपेंद्र म्हणते, आई, गाडीवर माझ्या मागं बस, नाही त जाणं सोड. मी कोणाचा शर्ट पकडून जाणारी बाई नाही. आज त्याच्या गाडीवर बसली का उद्यापासून माझा गुरुवार त्याच्या सोयीनं येईल.

५ जानेवारी

उपाय सापडला. ब्रेकर.

लाखांदूरले एका शाळेपुढं पाहिला होता. तिथं बस इतकी हळू होते का कोंबडी बी चढून जाईल. आपल्या गावच्या रस्त्याले डांबर मंजूर झालंच आहे. एक ब्रेकर माझ्या दारापुढं टाकला का बस हळू, मी आत, विषय संपला. बाहेर सांगायचं, शाळेच्या लेकरांसाठी आहे. शाळा दुसऱ्या गल्लीत आहे, पण लेकरं कुठंबी पळतात.

८ जानेवारी, गुरुवार

बस गेली. देवकाचा फोन आला, मेली काय म्हणून विचारलं.

सरपंचाकडं गेली. चंद्रकुमार नाव आहे, पण मी त्याले नाक गळत होतं तेव्हापासून ओळखते. विषय छब्बीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठेवतो म्हणाला. पुंडलिकराव बाजूलेच बसला होता. त्याच्या पोटात दुखलं. बस माझ्या दारापुढं हळू झाली त अर्धं गाव तिथंच चढंल, मग त्याचा चहा कोण पिईल. म्हणून तो सरपंचाले सकाळ-संध्याकाळ फुकट चहा पाजून राहिला.

नातीले सांगितलं. गुड्डी कॉलेजात जाते. ती म्हणाली याले लॉबिंग म्हणतात, मोठ्या कंपन्या दिल्लीत यासाठी पगारी माणसं ठेवतात. मी विचारलं, त्या माणसाईले पाटोडीची भाजी करता येते काय? नाही म्हणाली. मग त्याईचं काम कच्चंच आहे.

११ जानेवारी

सरपंचाच्या घरी पाटोडीच्या भाजीचा डब्बा पाठवला. तिखट रस्सा, वर तर्री. सरपंचाच्या बायकोनं डब्बा वापस पाठवला तो रिकामा. रिकामा डब्बा कोणी वापस करते काय? सून रिता म्हणे, विसरल्या असतील. तिले राजकारण समजत नाही. रिकामा आला म्हणजे उपकार सरपंचाच्याच अंगावर राहिला.

१५ जानेवारी, गुरुवार

बस गेली. आज दुःख नाही, कामात होती.

रिताचं हळदीकुंकू होतं. मी दारातच खाट टाकून बसली. आत जाणारीले तिळगूळ, बाहेर येणारीले ब्रेकर. ग्रामसभेत येऊन हात वर कर, एवढंच सांगत होती. बाया लय हुशार झाल्या. एकीनं विचारलं, मावशी, मग माझ्या घरापुढं बी एक होईल काय? होईल म्हटलं. तिनं दुसरीले सांगितलं. मग सगळ्याच मागाले लागल्या. सगळ्याईले देऊन टाकला. डांबर काय माझ्या बापाचं आहे?

रिता म्हणाली, वाणात दिलेल्या चाळण्याहून तुमचे ब्रेकरच जास्त गेले. सुनेच्या तोंडून कौतुक ऐकाले बरं वाटते.

२० जानेवारी

पुंडलिकराव घरी आला. स्वतःहून, बिस्किटाचा पुडा घेऊन. म्हणाला, भाभी, विरोध सोडला. फक्त टपरीच्या अलीकडं एक आन पलीकडं एक पाहिजे. गाड्या हळू होतील त गिऱ्हाईक चहाकडं पाहील. दोन घे म्हटलं. हारलेल्या माणसाशी मी जास्त ताणत नाही.

भूपेंद्र मध्ये बोलला, आई, इतके ब्रेकर झाले त गाड्या चालतील कशा? हा बारावी शिकला. शिकलेल्याईचं असंच, काम होण्याच्या आधीच अडचण शोधतात.

२६ जानेवारी

लिहून ठेवते, नाही त लोक विसरतील.

एरवी ग्रामसभेले कोणी येत नाही, सह्या घरोघर फिरतात. आज बसाले जागा नव्हती. चंद्रकुमारनं विषय काढला आन हातांचं रान उभं झालं. एकटा गुलाब दूधवाला उठला, म्हणाला माझ्या कॅनाचं काय होईल, विचार करा. लोकाईनं त्याले खाली बसवलं. मग कोणीतरी विचारलं, तुले पाहिजे काय घरापुढं? तो म्हणाला, देऊन राहिले त द्या एक.

ठराव पास. विरोधात कोणी नाही. चंद्रकुमारनं माईकवर माझं नाव घेतलं, ही सारी सुलोचनाबाईची मेहनत आहे म्हणाला. त्याले काय, पुढं निवडणूक आहे, ज्यानं मागितलं त्याले देऊन मोकळा झाला. पण नाव माझंच घेतलं. दिल्लीवाल्या पगारी माणसाईचं नाव कोणी माईकवर घेते काय?

१० फेब्रुवारी

रस्ता झाला. ब्रेकर बी झाले. ठेकेदाराजवळ डांबर उरलं होतं, त्यानं हात सैल सोडला. शेताच्या धुऱ्याएवढे, बांधाएवढे उंच आहेत. माझा सगळ्यात देखणा आहे. सकाळी त्याच्यावर सडा टाकला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज पहिला दिवस. नवं लुगडं नेसली, डब्बा भरला, दारात उभी राहिली.

बस आली. हळू झाली. अगदी माझ्यापुढं येऊन हळू झाली, जसं मी ठरवलं होतं तसं. पण कंडक्टर दार उघडेना. खिडकीतून म्हणाला, स्टॉप पुढं आहे. मी म्हटलं बाबू, बस उभीच आहे, दार उघडाले तुह्या सायबाची चिठ्ठी लागते काय? तो म्हणाला उभी नाही, हळू आहे. बस सरकली, मी बी सरकली. तेवढ्यात शेजारणीचा ब्रेकर आला, बस पुन्हा हळू, आमचं भांडण तिथून पुढं सुरू. मग तिच्या पलीकडचीचा. असं बोलत बोलत मी बसच्या संग चालत सारं गाव ओलांडलं. पुंडलिकरावच्या टपरीपुढं मी आन बस एकाच वेळी पोचलो.

तिथं त्यानं दार उघडलं.

देवकाले सांगितलं, दारापासून बससंग आली. खोटं काहीच नाही. रात्री गुडघा टमाट्यासारखा फुगला. पुढच्या गुरुवारी कंडक्टर ओळखीचा होईल.

१७ फेब्रुवारी

गावात किरकिर चालू आहे. गुलाब म्हणते, दूध डेअरीत पोचते तोवर वर लोणी येते. मी म्हटलं, मग लोणी वीक, भाव जास्त आहे. उपकाराची जाण नाही कोणाले. धानाच्या ट्रॅक्टरवरून एक पोतं फुटलं, पण ते माझ्या ब्रेकरवर नाही, पुंडलिकरावच्या दुसऱ्यावर. साऱ्या गावाच्या कोंबड्या तिथं जमल्या. कोणाचं नुकसान झालं त कोणाचं पोट भरलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कंडक्टर बदलला. नवा त्याच्याहून बेकार. देवकाकडं जाणं झालं नाही. बसच्या मागच्या सीटवरच्या बायका खिडकीतून नाव घेऊन मलेच शिव्या देत गेल्या. माझं नाव त्याईले कसं माहीत? माईकवर घेतलं म्हणून.

२३ फेब्रुवारी

बस बंद.

म्हणजे बस आहे, पण गावात येत नाही. बसखालचं काहीतरी पुंडलिकरावच्या पहिल्या ब्रेकरले घासून तुटलं. आता डेपोनं सांगितलं, फाट्यावरूनच फिरवू. फाटा कुठं, त नाल्याच्या पलीकडं. तिथवर चालत जाणं माझ्या जन्मात होणार नाही.

हे पुंडलिकरावचं कारस्थान आहे असं मी म्हणणार होती. पण त्याची टपरी बी ओस पडली. एकटाच बसून स्वतःचा चहा पिऊन राहिला.

२५ फेब्रुवारी

टपरीवर बैठक झाली. ब्रेकर काढावे यावर सारे एकमतानं हो म्हणाले. कोणाचा काढावा यावर गाडी अडली. शेजारीण म्हणाली, माझ्या घरी लहान लेकरू आहे, माझा ठेवा. गुलाब म्हणाला, मले सगळ्याईच्या शेवटी भेटला, माझा शेवटी काढा. मग चंद्रकुमार माझ्याकडं वळून म्हणाला, "आजी, सुरुवात तुमच्यापासून झाली होती, काढाले बी तुमच्यापासूनच करू."

मी म्हटलं, "माझा लेकरांसाठी आहे."

कोणी हासलं. कोण ते पाहून ठेवलं आहे.

५ मार्च, गुरुवार, लाखांदूर

आली. कशी आली ते लिहीत नाही.

लिहिते. दोन गुरुवार गेले, देवका फोनवर म्हणाली का आता भांडाले शेजारीण बोलावते. म्हणून भूपेंद्रच्या गाडीवर बसली. म्हटलं होतं शर्ट पकडणार नाही. माझ्याच ब्रेकरवर पकडला. शेजारणीच्या ब्रेकरवर त्याच्या कमरेले मिठी मारली. पुंडलिकरावच्या दोन्हीवर डोळे मिटले. उतरल्यावर पोरगं एवढंच म्हणालं, "आई, वापस न्याले कधी येईन ते मी सांगतो."

मी बरं म्हटलं.

आता त्याचा फोन आला. आज डेपोचा सायेब गावात आला, संग रस्त्यावाला सायेब बी. ब्रेकर कोणाच्या सांगण्यावरून झाले ते विचारून राहिले. गावानं एका तोंडानं माझं नाव सांगितलं. हळदीकुंकवाच्या बायाईनं पण. सायेब उद्या पुन्हा येणार आहेत, मले भेटाले.

मी उद्या इथंच आहे. परवा बी. ठराव चंद्रकुमारचा आहे, सही शिक्का त्याचाच आहे, माईक बी त्याच्याच हातात होता. सायबाईले उत्तर त्यानंच द्यावं. मी चौथीतून घरी बसलेली बाई, मले काय समजते.