पलीकडचं टोक

१४ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. एवढ्या शिस्तीत सुरुवात केली म्हणजे हिला काहीतरी हवंय, हे तू ओळखलंच असशील. आईचे गुडघे कसे आहेत? भाचीला सांग, मावशीच्या ज्वालामुखीतून अजून धूरसुद्धा निघालेला नाही. नुसती जमीन फाटते आहे.

इथे जमिनीचे दोन भाग एकमेकांपासून दूर सरकताहेत. मधल्या भेगेतून कधी ना कधी लाव्हा वर येणार. भेगेच्या दोन्ही काठांवर आम्ही खिळे ठोकलेत. एकाने अलीकडे टेप धरायची, दुसऱ्याने पलीकडे, आणि अंतर ओरडून सांगायचं. यंत्रं आहेत, पण आमच्या म्हाताऱ्या साहेबांचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नाही. हल्ली मी पलीकडचं टोक दगडाखाली दाबून ठेवते.

गेले कित्येक आठवडे अंतर तसूभर वाढलं नव्हतं. मी खूश! मग स्वयंपाकघराचं मागचं दार लागेना. लाकूड फुगलं असेल म्हणून मी त्याला रोज लाथ घालत होते. परवा फरशीच तडकली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नवी भेग घराच्या मागून गेली होती. माझे दोन्ही खिळे तिच्या एकाच बाजूला, आणि मी इमानेइतबारे जुन्या भेगेवर नजर ठेवून बसलेले.

साहेबांना फोन केला. म्हणाले, "ताबडतोब सामान बांधा. न्यायला कुणी येतंय ना?"

"येतील की," मी म्हटलं.

कुणी येणार नाहीये, ताई. टेपचं दुसरं टोक हे धरायचे, आणि हे हिवाळ्यातच गेले. भांडण नाही, आदळआपट नाही. दुसरीकडे नोकरी धरली आणि जाताना म्हणाले, "तू ये, असं मी म्हणत नाहीये." दर पत्रात मी तुला 'हे मजेत आहेत' असं लिहीत आले. असतीलही.

फार एकटं वाटतं गं. सवयीने अंतर अजून ओरडूनच सांगते.

मला तुझ्याकडे यायचंय. किती दिवस, ते माहीत नाही. आईला आधी तूच सांग. तिने दारातच 'जावई कुठायत?' असं विचारलं तर मी उंबऱ्यावरच रडत बसेन. स्टेशनवर येऊ नकोस असं लिहिणार होते, पण ये. ट्रंक जड आहे. तिला दोन कड्या आहेत, एक तू धर.

तुझी,
(आजपासून खाली एकटीचीच सही)
बारकी