बिबवेवाडीतून सिग्नल

३ फेब्रु., मंगळ.
विमानाच्या बीकनच्या नोंदणीत अविनाशने माझा मोबाइल नंबर दिला. विमान आपटलं की या यंत्रातून आपोआप उपग्रहाकडे सिग्नल जातो, मग शोधायला माणसं निघतात. "म्हणजे मी पडलो तर पहिला फोन तुला." पोहे खाता खाता. वर हसला.

७ फेब्रु., शनि., सकाळ
अ. पहाटेच बारामतीला. तिथून विमानाने कोल्हापूर, एकटाच. प्रधानही जाणार होता (विमान दोघांत मिळून), ऐनवेळी नाही म्हणाला. का, ते अ.ने सांगितलं नाही.
घर आवरलं. ह्याच्या सामानाची पिशवी कालपासून डायनिंगच्या खुर्चीवर. जड. उचलून गॅलरीत आपटली.

तोच दिवस, संध्याकाळ
दुपारी शोध-बचाव केंद्रातून फोन, हिंदीत. तुमच्या विमानाच्या बीकनचा सिग्नल येतोय, विमान कुठे आहे? अ.चा फोन बंद. कोल्हापूरहून परत निघालाय, एवढंच त्यांना कळलं. प्रधानला कळवलं, तो विश्रांतवाडीहून निघाला. टीव्ही लावला. काही नाही.
पुन्हा फोन. सिग्नल पुण्यातून. मॅडम, बिबवेवाडीत काही पडलंय का?
"मी बिबवेवाडीतच आहे!"
गॅलरीत धावले. खाली भाजीवाला, रिक्षा, सगळं जागच्या जागी. आभाळ स्वच्छ. आणि पायाशी, त्या पिशवीत, लाल दिवा लुकलुकत होता.
नारिंगी डबा, तेच बीकन. सकाळी आपटल्याने चालू झालेलं. त्यांनी सांगितलं तसा बंद केला. चला, सुटलात, म्हणाले.
"अहो, पण हा इथे आहे. मग विमानात काय आहे?"
खरी भ्यायले ती तेव्हा. आता तो पडला तर कोणालाच कळणार नव्हतं.
प्रधान आला, डबा उचलून बघितला. "वहिनी, बॅटरीची मुदत संपलीय म्हणून काढलाय. नवी बसेपर्यंत उडायचं नाही, बजावलं होतं त्याला. म्हणून तर मी गेलो नाही."
"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"
तो डबा परत पिशवीत ठेवू लागला.
मग अ.चा फोन. "उतरलो गं बारामतीला. कोल्हापुरात मिसळ काय होती!"
मी फोन ठेवला. रडले.

८ फेब्रु., रवि.
"काही झालं नाही ना? मग?"
म्हटलं, झालं असतं तर डोंगरात कुठे शोधायचं होतं तुला?
"नियम कागदावर असतात."
पुढे अबोला. पान वाढून ठेवलं. जेवला.

११ फेब्रु., बुध.
डबा दुरुस्तीला गेला. बॅटरी परदेशातून येणार, कधी ते सांगत नाहीत. प्रधानने विमानाची किल्ली स्वतःकडे ठेवलीय. अ. धुसफुसतोय, "विमान माझंही आहे." दुसरी किल्ली कपाटात आहे, ते मलाही माहीत आहे. लपवू? लहान मूल आहे का तो.

१५ फेब्रु., रवि., सकाळ
अ. तयार होऊन सोफ्यावर. बूट घातलेत. कपाटातली किल्ली हातात. हवा छान आहे म्हणे. बॅटरी आलेली नाही.
"जाऊ का?"
इतक्या वर्षांत हे कधी विचारलं नव्हतं. हो म्हटलं तर जाईल. नाही म्हटलं तर...
काही न बोलता आत आले, लिहीत बसलेय. बाहेर दार वाजलेलं नाही अजून.