हँडल बघूनच घेणार

४ जानेवारी
संकल्प: या वर्षी बायकोला चाकांची खुर्ची घ्यायचीच. आजारात तिच्या पायांतलं बळ गेलं, त्याला आता दोन वर्षं होतील. घरात मी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून सरकवतो. बाहेर जाणं बंद. तिची थोरली बहीण गल्लीच्या टोकाला राहते, तीही अंथरुणाला खिळलेली. दोघी फोनवर रडतात. म्हणजे काम अर्जंट. पण घाई नको. मी जन्म खरेदी खात्यात काढला. चार ठिकाणी पाहिल्याशिवाय साधा पंखा घेतला नाही.

१९ जानेवारी
अपंगांच्या साधनांचं प्रदर्शन. एकटाच गेलो. हिला यायचं होतं. म्हटलं, गर्दीत तुझे हाल होतील. (हॉलमध्ये सगळीकडे रॅम्प. निम्मी माणसं खुर्च्यांवरच फिरत होती. तरीपण.)
एकेक खुर्ची ढकलून पाहिली. खुर्चीत स्टॉलवाला, मागे मी. हँडल सगळ्यांची बुटकी. पाठ भरून आली. घरी हिने विचारलं, बसायला कशी आहे? म्हटलं, ते नंतर बघू.

२ मार्च
दुसरं प्रदर्शन. एक हँडल उत्तम, पण ग्रिपने हाताला घाम येतो. पावसाळ्याआधी नवं मॉडेल येतंय म्हणे. आत्ता घेणं म्हणजे मूर्खपणा. आता स्टॉलवाले मला ओळखतात. एक तर मला बघताच न सांगता खुर्चीत बसला. जाणकार गिऱ्हाईक लपत नाही.
हिला सगळं सविस्तर सांगितलं. म्हणाली, उतावळा नवरा माझ्या नशिबातच नव्हता. कौतुकच असावं.

३ मार्च
हिंडून माझे पाय सुजलेत. विश्रांती.

११ मे
मेहुणीला दवाखान्यात हलवलं, संध्याकाळी परत आणलं. हिला तिचं तोंडही बघता आलं नाही. जेवली नाही. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. जूनमध्ये मोठं प्रदर्शन आहे. तिथे नक्की.

१४ जून, संध्याकाळी
दमलो. सकाळपासून ढकलतोय. हॉलच्या दुसऱ्या टोकाला एक बाई स्वतःच चाकं फिरवत झपाट्याने वळल्या. मनात म्हटलं, काय हात आहे बाईंचा. जवळ गेलो तर ही.
मेहुणीच्या मुलीने गाडीतून आणलं होतं. मला ताकास तूर लागू दिली नाही. पहिल्याच स्टॉलवरची पहिलीच खुर्ची, तीत बसून पाहिली आणि घेतली. याला काय खरेदी म्हणायचं?
मी सवयीने मागे गेलो. धरायला काहीच नाही. स्टॉलवाला म्हणाला, बाईंनी मुद्दाम बिनहँडलची मागितली. हिला शांतपणे विचारलं, मग मी ढकलू कसा?
"तुम्ही दमलात," ती म्हणाली. "जरा बसा आता."
बसायला तिथे दुसरं काही नव्हतं. स्टॉलवरच्या चाकांच्याच खुर्चीत बसलो. बरी असते.

१५ जून
ही सकाळीच बहिणीकडे गेली. मी दारात उभा होतो, वळणावर मागे पाहील असं वाटलं. एकटा जेवलो. घरात सरकवायला कोणी नाही.
चारला फोन केला, आणायला कधी येऊ? मागे दोघी बहिणी हसत होत्या.
म्हणाली, येईन माझी मी.