थोरलीचा मुलूख

मंगळवार, संध्याकाळ. सांगली

आज वर्गात मी मंगोल शिकवले. खानानं जिंकलेला मुलूख मुलांत वाटला. सर्वांत लांबचा थोरल्याला, बापाचं घर धाकट्याला. तरी नवा खान निवडताना लांबच्यांनाही बोलावणं जायचं.

मग गावाहून आण्णांचा फोन. त्यांनी मेंढरं माझ्या दोघा भावांत वाटली, कानांना खुणाही केल्या.

मी थोरली. चेष्टेत विचारलं, "आन् माझं काय, आण्णा?"

"तुला शिकवली की गं! आता सांगली तुझीच हाय."

तिकडे सगळे हसले. मीही.

मेंढ्या मला नकोतच, भाड्याच्या खोलीत बांधू कुठं? पण वाटणीला मला बोलवावं, हे कुणाला सुचलंच नाही. लांबचा मुलूख मिळाला की बोलावणंही बंद होतं का?

रविवारी आपणहून जाईन म्हणते. फक्त आईनं पाहुणी आल्यासारखं पुरण घालू नये.