तरंगलेला कापूस

१० जानेवारी १९४४, सोमवार. अमरावती
भाचीचं, कमलचं, अकोल्याहून पत्र. औषधी कापूस जमला म्हणते. आपलाच आखूड धाग्याचा कापूस कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून अंगचं मेण काढायचं. मग तो पाण्यात टाकताच तळाला जातो आणि जखमेतलं रक्तही तसाच पितो. मेण उरलं तर वर तरंगतो. निरुपयोगी.
लढाईमुळे विलायती माल बंद, दवाखान्यात चिंध्या उकळून वापरतात. म्हणून असल्या निकडीच्या धंद्यांत नवे प्रयोग करणाऱ्यांना सरकार अनुदान देतं आहे. अर्ज मीच करायला लावला. सरकी काढायच्या जिनच्या मालकाने शेडचा कोपरा फेब्रुवारीअखेरपर्यंतच दिलाय. अनुदान आलं तर क.ची स्वतःची भट्टी. नाही तर सगळं बंद.

१६ जाने., रवि.
क. संध्याकाळच्या गाडीने नमुना घेऊन आली. परातभर, तेवढाच. उद्या अनुदान ठरवणारे नागपूरचे साहेब घरीच येऊन पाहणार. वहिनीने नमुना देवापुढे ठेवला. मी नको म्हटलं.
"देवाच्या आंधी सायबाले दाखवता काय, बाई?"
भाऊ गेल्यापासून तिच्याशी वाद घालत नाही. लेकीसाठी करतेय, करू दे.

१७ जाने., सोम.
तरंगला.
साहेबांनी दुसरा पुंजका टाकला. तोही वरच. "तुमचा कापूस पट्टीचा पोहणारा दिसतो, बाई." बरोबरचा कारकून हसला. शेरा: प्रयोग अपुरा. साहेब दुपारच्या गाडीने परत.
क.ला स्टेशनवर पोचवताना मी टांग्यात फार बोलले. घाई, हलगर्जीपणा, आमच्या वेळी कॉलेजात... नको ते सगळं. ती एवढंच म्हणाली, "हो, आत्या."
घरी येते तर वहिनी शेजारी साखर वाटून आलेली! दाराआडून तिने सगळं पाहिलं होतं. "कसा वर राह्यला वो! बदकावानी!"
तिला खरं सांगायला हवं होतं. साखर हातात घेतली आणि खाल्ली.

१९ जाने., बुध.
निरांजनातली वात फारच पांढरी दिसली. वहिनीला विचारलं.
"कमलीच्याच कापसाची. पहिला कापूस देवाच्या वातीले, आपली रीतच हाय न. वाती वळल्या, मंग बाकीचा हातानं मोकळा करून परातीत नीट लावून देला. लय गबाळा आनला होता पोरीनं."
वाती वळताना वहिनी बोटांना तूप लावते. लग्न होऊन आली तेव्हापासून पाहते आहे.
आणि मी टांग्यात काय काय बोलले.

२३ जाने., रवि. अकोला
सकाळच्या गाडीने आले. क. शेडमध्ये एकटीच भट्टीपाशी.
"तुला कळलं होतं?"
"हात लावताच, आत्या. तुपाचा वास येत होता."
"मग साहेबांना सांगायचंस!"
"आई दाराआड हात जोडून उभी होती. कोणत्या तोंडानं सांगू?"
टांग्यातलं बोलणं परत घेतलं. म्हणजे तोंडाने. असं परत येत नसतं.
साहेबांना लिहिते म्हटलं. क.ची अट, तुपाचा उल्लेख नको. तेव्हा असं लिहिलं: नमुना हाताळण्यात चूक झाली, पुन्हा पाहावा. चूक कोणाची, ते साहेब समजायचे तेच समजतील.

१२ फेब्रु., शनि.
नागपूरहून उत्तर नाही. आमच्या शाळेच्या नव्या मुख्याध्यापिका भेटल्या. क. विज्ञान शिकवायला येईल का, तात्पुरती? विचारते म्हटलं.
मीही या शाळेत तात्पुरतीच आले होते.

२७ फेब्रु., रवि.
परवा शेड सोडायची. क. निम्मं सामान घेऊन आली. शेवटच्या उकळीतला कापूसही आणलाय.
दुपारी पेल्यात पाणी घेऊन मी पुंजका सोडला. सरळ तळाला. पाहायला आम्ही दोघीच. वहिनी भाजी निवडत होती, ती उठून आली. वाकून पाहिलं.
"अवो, हा तं खाली गेला!"
"खालीच जा लागते, आई." क. बोलून गेली.
वहिनी पेल्याकडे पाहत राहिली.
"मंग त्या दिवशी..."
"च्या मांड न, आई."
वहिनी हलली नाही. कोरडेच होते हात, तरी पदराला पुसत राहिली.