दोन प्रतींचं बहुमत

३ जून
नवं गाव, नवी नोकरी, आणि घर चक्क हवेशीर! काम म्हणजे अख्ख्या देशाच्या जन्मनोंदींचा बॅकअप सांभाळायचा. आग लागो की पूर येवो, नोंदी जाऊ नयेत म्हणून क्लाउडवर तीन दूरच्या शहरांत तीन प्रती ठेवल्यात. रोज संध्याकाळी त्या आपसांत ताडल्या जातात. एकीत फरक दिसला, तर उरलेल्या दोघींप्रमाणे ती दुरुस्त होते. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही फक्त सही करा. आमच्या सहा वर्षांच्या ठमीने खिडकीजवळची खोली लगेच बळकावली.

९ जून
एका मुलाची नोंद दोन प्रतींत नव्हती, म्हणून तिसरीतूनही उडाली. साहेबांना विचारलं, तर म्हणे, दोघी खोटं कशाला बोलतील? धन्य! पत्ता आमच्याच रस्त्यावरचा, शिंपीणबाईंचा. परवाच त्या पोराला शाळेत सोडताना दिसल्या होत्या. आज म्हणाल्या, आम्हांला मूलबाळ नाही. अंगणातला झोका कुणाचा, असं विचारलं, तर उठून झोक्याच्या दोऱ्या सोडायला लागल्या.

१४ जून
दोन प्रतींत आमची ठमी नाही. फक्त एकीत आहे. आजची ताडणी थांबवा म्हणून साहेबांच्या हातापाया पडले. ते म्हणाले, वरून मंजुरी आणा. वरचे म्हणाले, खालून शिफारस आणा. माणसं आहेत की दगड? संताप संताप झाला. शेवटी मीच तिसऱ्या प्रतीची जोडणी तोडली. नोकरी गेली तरी बेहत्तर.

१५ जून
साहेबांनी जोडणी पुन्हा जोडून घेतली. वर मलाच झापलं, सरकारी माहितीशी खेळता का म्हणून. घरी धावत आले. ह्यांनी विचारलं, खिडकीजवळची खोली भाड्याने द्यायची का. ठमी समोर उभी, आणि हे तिच्याकडे बघतच नाहीत — तिला मांडीवर घेऊन लिहितेय. ठमी. गालावर खळी आहे. माझी मुलगी. माझी —

१६ जून
तिन्ही प्रती जुळल्या. सही केली. साहेब खूश.

वरच्या पानांवर माझ्याच अक्षरात कुणा ठमीबद्दल — हे म्हणाले, कामाचा ताण असेल. असेल. पण मग मला एवढं रडू का —

हे बाहेर गेलेत. घरात मी एकटीच. आणि मघापासून कुणीतरी माझी बाही ओढतंय, आई म्हणून हाक —